वर्षानुवर्षं उभी असलेली डीबी एचबीआर-५ पुन्हा रस्त्यावर आणताना

जुनी डीबी, म्हणजे पन्नासच्या दशकातली छोटी फ्रेंच स्पोर्ट्स गाडी, बघायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: ‘इंजिन चालू होतं का?’ या गाडीच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे. विकणाऱ्याने उत्साहाने तुमच्यासमोर सेल्फ मारून दाखवला, तर तो धोकाही आहे. पंधरा-वीस वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या एचबीआर-५ चं भवितव्य दोन गोष्टींवर ठरतं आणि दोन्ही वरवर दिसत नाहीत. एक म्हणजे फायबरच्या बॉडीखाली झाकलेली पोलादी चेसिस. दुसरी म्हणजे क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या दांड्याच्या, आत घट्ट बसलेला तेलाचा गाळ. रंग, सीट, काचा, क्रोम हे सगळं नंतर करता येतं. या दोन ठिकाणी चूक झाली, तर मात्र गाडीच्या किमतीइतका खर्च पुन्हा करावा लागतो.

म्हणून या लेखात कामाचा क्रमही तसाच ठेवला आहे: आधी चेसिस, मग बॉडी, मग इंजिन, आणि सेल्फ अगदी शेवटी.

गाडी नेमकी कोणती

रने बोने आणि अभियंता शार्ल दॉइच यांनी १९३८ मध्ये एकत्र गाड्या बांधायला सुरुवात केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘डीबी’ हे नाव पडलं. कारखाना पॅरिसच्या पूर्वेला शाँपिन्यी-स्यूर-मार्न इथे होता. स्वतःचं इंजिन बनवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. पानार कंपनीचं छोटं, हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन घ्यायचं, त्याच कंपनीचा गिअरबॉक्स आणि चाकांची जोडणी घ्यायची, आणि त्याभोवती शक्य तितकी हलकी, हवेला कमी अडणारी गाडी बांधायची, ही त्यांची पद्धत. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत इंजिनाच्या आकारमानाच्या हिशेबाने मिळणारं ‘इंडेक्स ऑफ परफॉर्मन्स’चं बक्षीस या छोट्या गाड्यांनी एकदा नव्हे, अनेकदा नेलं.

एचबीआर-५ ही त्यांची रस्त्यावरची गाडी. १९५४ मध्ये ती लोकांसमोर आली. फायबरची बॉडी शाप बंधू आणि जेस्सलँ यांच्या कारखान्यातून यायची. एकूण गाड्या बनल्या त्या काही शेच. १९६१ मध्ये दॉइच आणि बोने वेगळे झाले आणि डीबी हे नाव संपलं. पुढे १९६७ मध्ये पानारनेही मोटारी बनवणं थांबवलं.

या इतिहासातून कामाची गोष्ट एवढीच. इंजिनाचे भाग पानारच्या हजारो गाड्यांना सामाईक होते, त्यामुळे ते आजही जुन्या पानारच्या क्लबांकडून आणि मोजक्या व्यापाऱ्यांकडून मिळतात. चेसिस आणि बॉडी मात्र फक्त डीबीची, आणि तीही हाताने बांधलेली. दोन गाड्यांची मापं तंतोतंत जुळत नाहीत. एका गाडीचं दार दुसरीला बसेल असं धरून चालू नका.

चेसिस: टॉर्च, हातोडी आणि मोजपट्टी

चेसिसचा कणा म्हणजे गाडीच्या मधून जाणारी पोलादी नळी. तिला आडवे हात जोडलेले आहेत आणि त्यांवर बॉडी बसते. नळी बंद असते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी आतच राहतं. बाहेरून काळा रंग शाबूत आणि आतून पत्रा कागदासारखा, असं सर्रास दिसतं.

गाडी चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नको, आणि घोडी बॉडीखाली न लावता चेसिसच्या जोडाखाली लावा. नंतर पुढच्या टोकापासून मागपर्यंत, दर पाच सेंटिमीटरला छोट्या हातोडीने हलके टकटक करत जा. चांगली नळी खणखणीत वाजते. गंजलेली बोदी वाजते, आणि आत सुटलेला गंज असेल तर ठोक्यानंतर खसखस ऐकू येते. शंका आली तिथे रंग खरवडून अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावा. युरोपात हे यंत्र भाड्याने सहज मिळतं. कुठेही मूळ जाडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी भरलं, तर तो तुकडा बदलायचा. नळीला आधीपासून भोक असेल तर त्यातून बारीक कॅमेरा आत सोडा. नसेल तर विकणाऱ्याच्या परवानगीशिवाय पाडू नका.

सर्वात आधी जाते ती आडव्या हातांच्या मुळाची जागा, विशेषतः चाकांच्या मागे, जिथे चिखल बसतो. त्यानंतर मागच्या ॲक्सलचे जोड. इथे जुनी ‘डागडुजी’ फार सापडते: गंजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा चढवून वरून डांबरी लेप. असा लेप जिथे दिसेल तिथे तो काढूनच बघा. ज्याने लेप मारला, त्याने काहीतरी झाकायलाच मारलेला असतो.

मग मोजमाप. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून मोजा. दोन्हींत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडीने कधीतरी जोरात मार खाल्ला आहे. या गाड्या शर्यतीत पळालेल्या आहेत, त्यामुळे यात नवल नाही. फक्त ते पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

वेल्डिंग करायचं ठरलं तर बॉडी उतरवूनच करा. पॉलिएस्टर रेझिन उष्णतेने आधी मऊ पडतं, मग सरळ पेट घेतं, आणि पेटलेलं फायबर विझवणं अवघड असतं. ‘ओलं फडकं ठेवून एक टाका मारू’ म्हणणाऱ्या वेल्डरला गाडीला हात लावू देऊ नका. बॉडीचे बोल्ट काढताना प्रत्येक जागेचे वायसर, रबर आणि पातळ पट्ट्या वेगळ्या पिशवीत, जागेचं नाव लिहून ठेवा. त्या पट्ट्यांवरच दारांच्या फटी बसवलेल्या आहेत.

बॉडी: तडा काय सांगतो

फायबर गंजत नाही हे खरं, पण ते म्हातारं होतं. पन्नासच्या दशकातलं हे काम काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन हाताने थापून केलेलं. त्याची जाडी जागोजागी वेगळी असते.

तिरकस प्रकाशात, संध्याकाळी किंवा टॉर्च पृष्ठभागाला समांतर धरून, तडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल तडा म्हणजे बाहेरून किंवा आतून कुठेतरी ठोका बसलेला. बोल्टभोवती किरणांसारखे तडे म्हणजे बोल्ट जास्त आवळलेला, किंवा खालचं रबर आटून दगड झालेलं. दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरका धावणारा लांब तडा असेल तर थांबा. तो बहुतेक वेळा चेसिस वाकत असल्याची खूण असतो. चेसिस दुरुस्त केल्याशिवाय तो कितीही वेळा भरला तरी परत येतो. वरच्या रंगातल्या बारीक समांतर चिरा फक्त जाड रंगाच्या असतात. या गाड्यांवर रंगाचे आठ-दहा थर सापडतात.

नंतर एक नाणं घेऊन सगळी बॉडी ठोकत जा. भरीव आवाज पोकळ झाला, तिथे थर सुटले आहेत किंवा पुट्टी भरली आहे.

दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे आणि तिला आडवाट नाही:

१. रंग घासूनच काढायचा. रंग काढणारं रसायन फायबरमध्ये मुरतं आणि सहा महिन्यांनी नव्या रंगाखाली फोड आणतं. वाळूचा माराही नको. तो वरचा थर उडवून तंतू उघडे पाडतो.

२. तडा दोन्ही टोकांना ३ मिमी भोक पाडून थांबवा. मग आतल्या बाजूने उतार घासा. ३ मिमी जाडीसाठी प्रत्येक बाजूला किमान ३६ मिमी उतार हवा, म्हणजे जाडीच्या बारापट. ४० नंबरचा कागद पुरे. गुळगुळीत केलेल्या जागेवर रेझिन धरत नाही.

३. जागा ॲसिटोनने पुसा, आणि ओलसर वाटली तर आठवडाभर कोरड्या उबदार खोलीत राहू द्या. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं उघडं फायबर पाणी पितं.

४. मॅट दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमची घ्या, ४५० ची नको. पातळ मॅट वळणावर नीट बसते. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन. हार्डनर १ ते २ टक्के, वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने ओतलेला हार्डनर हे फसलेल्या दुरुस्त्यांचं पहिलं कारण आहे. जास्त पडला तर रेझिन तापून तडकतं, कमी पडला तर कायम चिकट राहतं. खोलीचं तापमान १८ ते २५ अंश.

५. लहान तुकडा आधी, मग मोठा, मग त्याहून मोठा. प्रत्येक थरातली हवा खाचांच्या लोखंडी रोलरने काढा. थर अर्धपारदर्शक दिसला पाहिजे. पांढरा ठिपका म्हणजे आत हवा.

६. आतली बाजू पक्की झाल्यावर बाहेरून तेवढाच उतार घासून तसंच काम. पुट्टी शेवटी, आणि जेमतेम एक मिलिमीटर.

यानंतर रंगाची घाई करू नका. रेझिन अनेक दिवस आकसत राहतं. किमान दोन-तीन आठवडे, शक्य असेल तर उन्हात, गाडी तशीच ठेवा. नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात मॅटचे तंतू रंगातून वर उमटतात.

सुरुवातीच्या गाड्यांना उघडझाप होणारे हेडलाइट होते, नंतर स्थिर आले. जुन्या गाडीला स्थिर दिवे दिसले तर पुढचा भाग नंतर बदललेला आहे का, हे आतल्या बाजूने थरांच्या जोडावरून कळतं. आतून रंगवलेलं नसतं, त्यामुळे जोड लपत नाही.

इंजिन: खरी परीक्षा इथे

लुई दलागार्द यांनी पानारसाठी आखलेलं हे इंजिन बाहेरून साधं दिसतं: समोरासमोर आडवे दोन सिलिंडर, पंखा, पत्र्याची कवचं. आतून मात्र ते त्या काळाच्या नेहमीच्या इंजिनांपेक्षा पार वेगळं आहे. एचबीआर-५ मध्ये बहुतेक ८५१ सीसीचं, ८५ मिमी व्यास आणि ७५ मिमी स्ट्रोकचं रूप येतं. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे इतर आकारांचीही इंजिनं बसवली गेली, आणि नंतर मालकांनी पानारच्याच पीएल-१७ किंवा ‘टायगर’ गाड्यांची इंजिनं टाकली. नंबर बघून आपलं नेमकं कोणतं ते आधी ठरवा. टॅपेटची फट, टायमिंग, जेट सगळं त्यावर अवलंबून आहे, आणि एका रूपाचे आकडे दुसऱ्याला लावले की व्हॉल्व्ह जळतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सिलिंडर आणि हेड एकाच ओतीव भागात आहेत, त्यामुळे हेड गॅस्केटच नाही. व्हॉल्व्ह काढायचा तर अख्खा सिलिंडर उतरवून त्याच्या पोटातून काढावा लागतो. दुसरी, व्हॉल्व्ह बंद करायला गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांड्या आहेत. नेहमीचा स्प्रिंग दाबायचा शिकंजा इथे कामाचा नाही. दांडी एकाच दिशेने पीळ घ्यायला तयार केलेली असते, म्हणून डावी-उजवी अदलाबदल झाली तर मोडते. काढण्याआधी प्रत्येकीवर खूण करा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: क्रँक रोलर बेअरिंगवर फिरते आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातही रोलर आहेत. रॉड एकसंध असल्यामुळे क्रँक तुकड्यांची, प्रेसवर दाबून जोडलेली आहे. आपल्याकडे येझदीची किंवा राजदूतची क्रँक प्रेसवर उघडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. तत्त्व तेच, इथे फक्त चार स्ट्रोकच्या मोटारीला लावलेलं.

आता गाळाची गोष्ट. नेहमीच्या इंजिनात पंप दाबाने तेल थेट रॉडच्या मोठ्या टोकापर्यंत ढकलतो. इथे तसं नाही. क्रँकच्या पाळ्यांवर तेल झेलणारी गोल पन्हळ आहे. मेन बेअरिंगमधून सुटलेलं तेल त्या पन्हळीत पडतं, फिरण्याच्या जोराने कडेला चिकटतं आणि तिथल्या भोकातून रोलरकडे जातं. नवं असताना ही रचना उत्तम चालते. पण फिरण्याचा जोर तेलासोबत त्यातला काजळीचा आणि धातूचा कणही कडेला नेऊन बसवतो. वर्षानुवर्षं तिथे गाळ साचतो, गाडी उभी राहिली की तो वाळून मेणासारखा घट्ट होतो, आणि भोक बुजतं. रोलर कोरडे पडतात. इंजिन सुरू होतं, छान आवाज करतं, गॅरेजपासून गावापर्यंत जातं. मग काही किलोमीटरवर रॉड अडकतो.

आणखी वाईट म्हणजे, अशा इंजिनात आजचं, गाळ सोडवणारं डिटर्जंट तेल ओतलं की वाळलेल्या गाळाचे तुकडे सुटतात आणि उघडी राहिलेली भोकंही तेच बुजवतात. म्हणून ‘चांगलं महाग तेल घातलंय’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून खूश होऊ नका.

न उघडता काय कळतं

बॅटरी जोडू नका. स्पार्क प्लग काढा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत. प्लग जड जात असेल तर दोन दिवस आटेसैल तेल सोडा, जोर करू नका. आटे मेले तर सिलिंडर उतरवून इन्सर्ट बसवावा लागतो.

सिलिंडरमध्ये तेल सोडताना लक्षात घ्या, हे आडवे सिलिंडर आहेत. ओतलेलं तेल खालच्या भिंतीवर साचतं, वरची भिंत कोरडीच राहते, आणि गंज बहुधा वरच असतो. म्हणून वाकवलेल्या बारीक नळीने, टोक फिरवत, वरच्या बाजूला फवारा. प्रत्येक सिलिंडरला दहा मिलिलिटर पुरे. दोन दिवस ठेवा. मग हाताने, आधी मागेपुढे थोडं, मग पूर्ण फिरवा. खरखर लागली तर तिथेच थांबा. रोलरला गंजाचे खड्डे पडले असतील तर फिरवून ते बरे होत नाहीत.

आता ऑइल काढा, स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये. चुंबक फिरवा. करडी, बारीक भुकटी चालेल. पापुद्र्यासारखे चकचकीत कण म्हणजे रोलर सोलतायत. तपकिरी, तंतुमय चुरा दिसला तर तो टायमिंगच्या फायबर गिअरचा. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, काढता आला तर तळावर बोट फिरवा. बोटाला काळा पातळ थर लागणं ठीक. नखाने खरवडून वडी निघत असेल, तर पन्हळीतही तेच आहे असं समजा.

शेवटी पिस्टन मध्यावर आणून प्लगच्या भोकातून लाकडी काडी त्याला टेकवा आणि क्रँक दोन्ही दिशांना हलकीच हलवा. क्रँक हलते पण काडी क्षणभर थांबून हलते, असं झालं तर रॉडला खेळ आहे.

यातली एकही खूण वाईट असेल तर इंजिन पूर्ण उघडायचं. सगळ्या खुणा चांगल्या असल्या आणि पन्हळी शेवटच्या कधी साफ केल्या याची पावती नसली, तरीही उघडायचंच. हा सल्ला खर्चाचा वाटतो, पण अडकलेला रॉड सिलिंडर आणि क्रँककेस दोन्ही घेऊन जातो.

उघडल्यावर

पन्हळी साफ करताना पातळ तारेने भोकं टोकरून भागत नाही, कारण गाळ कडेला दाबून बसलेला असतो. सॉल्व्हंटमध्ये रात्रभर बुडवा, लाकडी काडीने कडा खरवडा, अल्ट्रासॉनिक टाकीत घाला, मग प्रत्येक भोकातून तेल घालून दुसऱ्या टोकाने थेंब बाहेर पडतो का ते एकेक करून पाहा. हवा मारून ‘मोकळं आहे’ म्हणणं पुरेसं नाही. अर्धवट बुजलेल्या भोकातूनही हवा जाते.

रोलर बदलायचे असतील तर क्रँक प्रेसवर उघडावी लागेल. हे काम ज्याने ही क्रँक आधी केलेली आहे त्यालाच द्या. जोडल्यावर दोन केंद्रांमध्ये धरून डायल लावा. टोकांचा डगमग दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर क्रँक बेअरिंगांना खात राहते, आणि इंजिन स्टीअरिंगमध्ये थरथर पाठवतं.

टायमिंगचा गिअर सेलोरॉन नावाच्या दाबलेल्या फायबरचा होता. वय झालं की दातांचे पापुद्रे सुटतात आणि ते पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. इंजिन उघडलंच आहे तर तो जुना गिअर परत घालू नका. नवा फायबरचा शांत चालतो. धातूचा थोडा आवाज करतो, पण टिकतो. रस्त्यावर नियमित चालवायची असेल तर धातूचा घ्यावा.

सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पाळ्या (फिन) ब्रशने साफ करा. उंदरांची घरटी पत्र्याच्या कवचात हमखास मिळतात, आणि एका बाजूची वाट बंद असली की तेवढाच सिलिंडर तापून अडकतो. कवचाचा एकही तुकडा कमी असताना इंजिन चालवू नका. पंखा फिरला तरी हवा सिलिंडरभोवती न जाता बाहेर निसटते.

चाकं, ब्रेक आणि बाकीचं

पुढे आडवे पाटे आहेत, एक वर, एक खाली. हे पाटे नुसते उसळी झेलत नाहीत, चाक जागेवरही तेच धरून ठेवतात. म्हणून मोडलेलं पान ही सुरक्षेची बाब आहे. प्रत्येक पान सुटं करून तारेच्या ब्रशने साफ करा, तडा जाणाऱ्या जागी, मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, भिंगातून पाहा. मागच्या टॉर्शन बारनाही डावी-उजवी आणि कोनाची खूण करूनच हात लावा.

पुढच्या चाकांच्या शाफ्टचे सांधे कोरडे पडलेले असतात. चाक पूर्ण वळवून हाताने फिरवताना कटकट आली तर सांध्याला खेळ आहे. गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असल्यामुळे जीएल-४ दर्जाचं तेल वापरा. जीएल-५ ची काही रसायनं पितळ खातात.

ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यामुळे तपासत बसू नका: सगळे रबरी होज, सगळी कपं आणि पोलादी पाइप नवे घाला. पाइपसाठी तांबं-निकेल मिश्रधातूची नळी घ्या, ती गंजत नाही. मास्टर सिलिंडरच्या भिंतीला नखाला लागेल असा खड्डा असेल तर स्टेनलेसचा स्लीव्ह बसवून घ्या. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात.

टायर घेण्याआधी रिमवरचा आकडा वाचा. जुन्या फ्रेंच गाड्यांत ४०० मिलिमीटरची रिम येते. ती १५ इंचापेक्षा १९ मिमीने मोठी आहे. दिसायला सारखी, पण १५ इंची टायर तिच्यावर चढवायचा प्रयत्न केला तर टायरची कडा फाटते.

फायबरच्या गाडीतल्या विजेचा सर्वांत सामान्य दोष अर्थिंगचा. बॉडीतून वीज परत जात नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंपाला चेसिसपर्यंत स्वतंत्र तार हवी. एक ब्रेकलाइट लावला की इंडिकेटर मंद होतो, असला भुताटकीचा प्रकार दिसला तर फ्यूज शोधत न बसता अर्थची तार शोधा. बॅटरी घेण्याआधी डायनॅमोच्या पट्टीवर ६ की १२ व्होल्ट ते पाहा.

पेट्रोलचे पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचे, इथेनॉल सहन करणारे घ्या. फ्रान्समध्ये पंपावर एसपी९८ घालावं, जास्त इथेनॉलचं एसपी९५-ई१० टाळावं. टाकीला आत जुना लेप असेल तर इथेनॉल तो सोलून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये आणतं. आणि दोन किलोचं अग्निशमन नळकांडं सीटजवळ पट्ट्याने घट्ट बांधा. पेट्रोल गळणं कुठल्याही गाडीत वाईटच, पण इथे बॉडीच जळाऊ आहे.

आता सेल्फ

नवं तेल: खनिज २०डब्ल्यू-५०. प्लग बाहेरच ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबा, तेल वर पोहोचेपर्यंत. मग प्लग लावा.

इंजिन लागल्यावर त्याला मंद गतीवर सोडू नका. तेल पन्हळीत फिरण्याच्या जोरावरच पोहोचतं, म्हणून पहिली पाच मिनिटं मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवा. कान लावा. टॅपेटची टिकटिक चालेल. फायबर गिअरची हलकी गुणगुण चालेल. खोल घरघर, जी गॅस सोडल्यावर वाढते, ती रोलरची. लगेच बंद करा. रोलर बेअरिंगचा आजार नेहमीच्या इंजिनासारखा ठकठक करत येत नाही, घरघर करत येतो, आणि नवख्याला ती पंख्याची वाटते.

तेलाच्या दाबाचा काटा कमी दाखवतो म्हणून घाबरू नका. रोलर बेअरिंगना जास्त दाब लागतच नाही. काळजी करायची ती काटा अचानक खाली आला तर.

चालवताना एक सवय लावून घ्या: चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पूर्ण गॅस देऊन ओढू नका. तेल कमी आणि रोलरवर जोर जास्त, असं दुहेरी नुकसान होतं. खालच्या गिअरमध्ये मोकळं फिरू द्या. जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी आहे, तिला फिरायलाच आवडतं.

पहिलं तेल २०० किलोमीटरवर, गरम असताना काढा. दुसरं ५०० वर. नंतर दर २००० किलोमीटरला, किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते. प्रत्येक वेळी ट्रेमध्ये चुंबक फिरवा. ५०० च्या सुमारास बॉडीचे सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवं रबर दबतं आणि बोल्ट सैल होतात. आवळताना रबर जरा फुगलं की थांबा, फायबर कुरकुरायला लागेपर्यंत नको.

कागद

युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे शेवटचं. फ्रान्समध्ये ३० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘कलेक्शन’ म्हणून नोंदणीपत्र मिळतं. त्यासाठी एफएफव्हीई या जुन्या वाहनांच्या महासंघाचं प्रमाणपत्र लागतं. अशा गाडीला तांत्रिक तपासणी दर पाच वर्षांनी, आणि १९६० पूर्वीच्या गाडीला त्यातून सूट. सूट असली तरी ब्रेकचं काम बाहेरच्या माणसाकडून एकदा तपासून घ्याच. चेसिसवरचा नंबर, पट्टी आणि कागद हे तिन्ही पैसे देण्याआधी जुळवा. शर्यतीतून निवृत्त झालेल्या गाड्यांचे सांगाडे आणि बॉड्या एकमेकांत मिसळल्या गेल्या आहेत. पट्टीचे रिव्हेट चकचकीत नवे असतील, तर ती पट्टी कधी आणि कोणी काढली याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत सौदा थांबवा.